मासा मोजावा कसा?



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. मासा मोजायचा म्हणजे काय मोठी विद्या आहे? पट्टी घ्यावी, माशाला लावावी, आकडा वाचावा, झालं! त्यातून बोलणारा मी भाषेचा शिक्षक. वर्गात लघू-गुरू मोजणारा, मात्रा मोजणारा. मात्रा मोजता मोजता हा गृहस्थ माशांकडे कसा वळला, असे आपण विचाराल. तर त्याचे उत्तर असे, की मला गळ टाकण्याचा नाद आहे. कॉलेजला सुट्टी असली की मी धरणाच्या फुगवट्यावर जाऊन बसतो. तिथे माझी एक मोठी फजिती झाली, आणि ती केवळ माझ्या एकट्याची राहिली नाही. म्हणून ती आपल्याला सांगावीशी वाटते.

गळकऱ्यांच्या गोष्टी आपण ऐकल्या असतीलच. सकाळी सुटून गेलेला मासा दुपारी वीतभर असतो, संध्याकाळी पारावर येईतो हातभर होतो आणि पुढच्या होळीपर्यंत त्याला उचलायला दोन माणसे लागतात. सुटलेल्या माशाइतके भराभर वाढणारे दुसरे जनावर नाही! पण ही झाली गंमत. जो मासा सुटला नाही, जो टोपलीत प्रत्यक्ष पडला आहे, त्याचे तरी माप आपण खरे सांगतो का? माझे उत्तर असे, की खोटे बोलायची इच्छा नसतानाही आपण चुकीचे सांगतो.

आपली जुनी मापे पाहा. बोट, वीत, हात. मापे चांगली, विसरायची भीती नाही, सदैव बरोबर असतात. पण हात कोणाचा? पैलवानाचा की शाळकरी पोराचा? एकच कापड दोन हातांनी मोजले तर दोन आकडे येतात. म्हणूनच १९५६ साली कायदा करून आपल्या देशाने मीटर आणि किलोग्रॅम ही पद्धत स्वीकारली. तेव्हापासून पट्टी सगळ्यांची एक झाली. पण मंडळी, पट्टी एक झाली म्हणजे माप एक झाले असे नाही. पट्टी कुठून कुठपर्यंत धरायची हेही एक असावे लागते. माझी फजिती झाली ती इथेच.

२००५ साली मी नवा नवा नोकरीला लागलो होतो. फुगवट्यावर आम्ही पाच-सहा जण नेमाने जात असू. त्यात एक म्हातारबाबा होते, धरण होण्याच्या आधीपासून त्या नदीवर गळ टाकणारे. मी त्यांना काका म्हणत असे. त्या पाण्यात शिंगटा पुष्कळ. शिंगटा आपल्याला ठाऊक असेल. अंगाला खवले नाहीत, तोंडाला लांब मिशा, पाठीवर आणि कल्ल्यांमागे धारदार काटे. बेसावध धरला तर हात फोडतो. शेपटीला खोल खाच आणि शेपटीचे वरचे पाते खालच्यापेक्षा लांब, टोकाला दोऱ्यासारखे निमुळते. या शेपटीकडे लक्ष ठेवा, पुढे तिचेच काम आहे.

माझ्या मनात आले, आपण एक वही करू. दर रविवारी मिळालेल्या प्रत्येक शिंगट्याची लांबी लिहून ठेवू. वही केली. दोन वर्षे चालवली. तारीख, वार, पाण्याची पातळी, आमिष गांडुळाचे की लहान माशाचे, सगळे टापटिपीने लिहिले. अक्षरही माझे बरे आहे. मग लग्न, बदली, संसार. वही ट्रंकेत गेली. २०१९ साली मी पुन्हा त्या भागात आलो. काका तेव्हाही पाण्यावर होते, थकले होते एवढेच. मला म्हणाले, “मास्तर, शिंगटा राहिला नाही बघा. आमच्या वेळंला कोपरापत्तोर यायचा. आता मनगटापत्तोर आला की पोरं फोटू काढत्यात.”

त्या सुमारास गावातल्या मच्छीमारांच्या संस्थेची बैठक होती. प्रश्न असा, की बारीक आसाची जाळी बंद करावी की नाही. जाळ्याचा आस बारीक असला की बोटाएवढी पिलेही त्यात येतात. काही जण म्हणत होते, मासा लहान होत चालला आहे, बारीक जाळी थांबवा. दुसरे म्हणत होते, म्हाताऱ्या माणसांना पूर्वीचे सगळेच मोठे वाटते, पुरावा काय? काका उठले आणि म्हणाले, “पुरावा मास्तरांकडं हाय. त्यांनी वही लिव्हली होती.” सगळे माझ्याकडे वळले. माझी छाती फुगली. मी म्हटले, पुढच्या बैठकीला वही आणतो.

घरी येऊन ट्रंक उघडली, वही काढली आणि अर्ध्या तासात माझा घाम निघाला. वहीत आकडे होते. ४२, ३८, ४५. पण हे ४२ कुठून कुठपर्यंत? काही रविवारी मी मोजले होते, ते शेपटीच्या लांब दोऱ्याच्या टोकापर्यंत. काही रविवारी माझ्या एका प्राणिशास्त्रवाल्या मित्राने मोजले होते, तो शेपटीच्या खाचेपर्यंत मोजत असे. काही आकडे दुसऱ्याच कोणी शिंप्याच्या फितीने मासा पोटावरून गुंडाळल्यासारखा मोजून सांगितलेले. कोणता आकडा कोणाचा, याची वहीत खूण नाही. शिंगट्यासारख्या माशात टोक आणि खाच यांत कित्येक बोटांचा फरक पडतो. म्हणजे मासा खरेच लहान झाला आहे, की माझी पट्टी इकडची तिकडे झाली आहे, हे त्या वहीवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पुढच्या बैठकीत मी हे खरे खरे सांगितले. लोक हसले नाहीत, हसले असते तर बरे वाटले असते. विषय पुढे ढकलला गेला. काका जाताना एवढेच म्हणाले, “दोन वर्षं लिव्हलं मास्तर, पन एक वळ लिव्हायची राहिली.” ती एक ओळ कोणती, ती आज मला आपल्याला सांगायची आहे.

माशाच्या लांबी तीन. या तिन्ही नीट ध्यानात घ्या. शिक्षक मंडळींनी फळ्यावर एक मासा काढावा आणि तीन रेघा ओढाव्यात, म्हणजे मुलांना चटकन कळेल.

पहिली, पूर्ण लांबी. तोंड मिटलेले असताना मुस्कटाच्या सर्वांत पुढच्या टोकापासून शेपटीच्या सर्वांत लांब टोकापर्यंत. शेपटीला दोन पाती असतील तर ती हलकेच एकमेकांजवळ आणायची आणि जे टोक सर्वांत मागे जाईल तिथे वाचायचे.

दुसरी, खाचेपर्यंतची लांबी. मुस्कटाच्या त्याच टोकापासून शेपटीच्या दोन पात्यांमध्ये जी खाच असते तिच्या मध्यापर्यंत. सुरमई, कुपा अशा खोल खाचेच्या समुद्री माशांना हे माप सोयीचे. कारण पात्यांची टोके झिजतात, तुटतात, दुसरा मासा चावा घेतो. खाच मात्र सहसा जागेवर असते.

तिसरी, शेपटी सोडून लांबी. मुस्कटापासून, जिथे माशाचे मांसल अंग संपते आणि शेपटीचा पर सुरू होतो तिथपर्यंत. शेपूट हलकेच वाकवली की तिथे एक घडी पडते, ती खूण. माशांच्या जाती ओळखणारे शास्त्रज्ञ हे माप फार वापरतात, कारण संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांच्या शेपट्या बहुधा तुटलेल्या असतात.

आता समजा, एक रोहू आहे. त्याची पूर्ण लांबी ५० सेंटिमीटर, खाचेपर्यंत ४५, शेपटी सोडून ४०. तीन माणसांनी तीन आकडे सांगितले, तिघेही खरे बोलले आणि तिघांचे भांडण झाले! भांडण मिटवायला काय लागते? फक्त आकड्यापुढे दोन शब्द. “५०, पूर्ण लांबी.” “४५, खाचेपर्यंत.” काका म्हणाले ती एक ओळ हीच. वहीच्या पहिल्या पानावर लिहायची: या वहीतील सर्व मापे अमुक पद्धतीने घेतली आहेत.

सगळ्याच माशांना खाच नसते. मरळ घ्या, तिची शेपूट पंख्यासारखी गोल. रायगडच्या खाडीकाठचा जिताडा घ्या, त्याचीही शेपूट गोल. तिथे शेपटीच्या कडेच्या मध्यापर्यंत मोजले की पूर्ण लांबी झाली. बोंबलाची शेपूट तर तीन पात्यांची, मधले पातेही दिसते. पाकटाची शेपूट चाबकासारखी, आणि ती बहुधा तुटलेलीच मिळते. म्हणून पाकटाची लांबी न मोजता एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंतची रुंदी मोजतात. खेकड्याचीही पाठीच्या कवचाची रुंदी. जनावर पाहून माप ठरते. पण एकदा ठरले की बदलायचे नाही.

आता प्रत्यक्ष मोजायचे कसे? यासाठी मोजफळी करावी. खर्च फार नाही. हात-सव्वाहात लांबीची सपाट फळी घ्यावी, मोठे मासे मिळत असतील तर मीटरभर. तिच्या एका टोकाला काटकोनात एक उभा ठोकळा ठोकावा. फळीवर ठोकळ्यापासून सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात. गावातला सुतार हे काम चहा थंड व्हायच्या आत करून देईल.

इथे एक फसगत सांभाळायची. शाळेतली लाकडी पट्टी आठवा. तिच्यावरचा शून्य पट्टीच्या अगदी कडेला नसतो. आधी थोडे कोरे लाकूड असते, मग शून्य. ती पट्टी तशीच ठोकळ्याला भिडवून चिकटवली, तर प्रत्येक माशाचे माप तेवढ्याने कमी येणार. कमी का येणार, हे मुलांना विचारा. निम्मी मुले जास्त येणार असे सांगतील. मग पट्टी हातात देऊन पेन्सिल मोजायला लावा. उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल. शून्य बरोबर ठोकळ्याच्या आतल्या अंगाला आला पाहिजे, एवढे एक सांभाळा.

फळी तयार झाली. मासा तिच्यावर आडवा, कुशीवर ठेवायचा. डोके डावीकडे, ठोकळ्याकडे. मुस्कट ठोकळ्याला नुसते टेकवायचे, दाबायचे नाही. तोंड मिटलेले हवे. उघड्या तोंडाने माप बदलते. अंग सरळ हवे, धनुष्यासारखे वाकलेले नको. मग आपला डोळा शेपटीच्या बरोबर वर न्यायचा आणि आकडा वाचायचा. बाजूने वाचला तर चुकेल. ज्यांच्या घरी भिंतीवर घड्याळ आहे त्यांनी कोपऱ्यात बसून वेळ पाहावी आणि मग समोर येऊन पाहावी, म्हणजे मी काय म्हणतो ते समजेल.

फीत वापरायची झाली तर ती माशाच्या अंगावरून नेऊ नये. पोटाच्या फुगीवरून फीत गेली की माप वाढते. मासा जितका गुबगुबीत तितका जास्त लांब, असा तो न्याय होतो! माशाची लांबी म्हणजे मुस्कट आणि शेपटी यांमधले सरळ अंतर. त्यात पोटाचा घाट चढायचा नाही. आणि कापडी फीत ताणते, हेही विसरू नये.

आकडा दोन खुणांच्या मध्ये आला तर? ३८ च्या पुढे आणि ३९ च्या अलीकडे. तेव्हा ३८ लिहावे. आपण मुलाचे वय कसे सांगतो? दहावे सरून अकरावे लागले तरी “दहा पूर्ण” म्हणतो. तसाच पूर्ण झालेला सेंटिमीटर लिहायचा. उगाच उदार होऊन वरचा आकडा लिहू नये. कोणी वर ढकलतो, कोणी खाली, असे झाले की पुन्हा माझ्या वहीसारखी गत. सगळे खालचाच आकडा लिहीत असतील, तर सरासरी काढताना अर्धा सेंटिमीटर मिळवून घेता येतो.

मापाची वेळही सारखी हवी. मेल्यानंतर आणि बर्फात ठेवल्यानंतर मासा किंचित आखडतो. म्हणून शक्यतो ताजा असतानाच मोजावा, आणि बर्फातला मोजला असेल तर तसे लिहावे.

एवढ्या बारकाव्याची गरज काय, असे अजूनही कोणाच्या मनात असेल. त्यांच्यासाठी थोडे गणित. शिक्षक मंडळींना ते वर्गात उपयोगी पडेल. मासा लांबीत वाढतो तेव्हा रुंदीत आणि जाडीतही वाढतो. म्हणून लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे साधारण आठपट होते. आता याची दुसरी बाजू पाहा. लांबी मोजताना शंभरात दहाची चूक जास्तीकडे झाली, तर त्या लांबीवरून काढलेले वजन शंभरात तेहतीसने चुकते. किलोच्या माशाचा सव्वा किलोच्याही वर मासा होतो, आणि तोही कागदावर!

दुसरे उदाहरण. मासा अंगाने भरलेला आहे की रोडावलेला, हे सांगणारा एक आकडा आहे. फुल्टन नावाच्या स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. ग्रॅममधले वजन घ्यायचे, त्याला शंभराने गुणायचे आणि सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागायचे. ४० सेंटिमीटर लांबीचा, ८०० ग्रॅमचा मासा असेल तर हा आकडा येतो १.२५. तोच मासा कोणी खाचेपर्यंत मोजला आणि ३६ सेंटिमीटर लिहिला, तर आकडा येतो १.७१. मासा तोच, वजन तेच. पण एका वहीत तो बेताचा आणि दुसऱ्या वहीत चांगला खात्यापित्या घरचा! पाण्यात खाद्य वाढले, तलावाची सुधारणा झाली, असा निष्कर्ष काढून कोणी मोकळाही होईल.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. लांबी मोजायची ती फुशारकीसाठी नव्हे. मासा किती मोठा झाला म्हणजे वयात येतो, हे लांबीवरून ठरवतात. मृगाचा पाऊस पडला, ओढ्यांना लाल पाणी आले, की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो, कोकणात वलगणीचे म्हणतात. ते हौसेने चढत नाहीत, अंडी घालायला चढतात. पोटात गाभोळी भरलेली असते. एका माशाला आयुष्यात एकदा तरी अंडी घालू द्यावी आणि मग तो आपल्या टोपलीत यावा, हा साधा हिशेब आहे. शेतकऱ्याला तो सांगायला नको. बियाणे कोणी खाऊन टाकत नाही.

याच हिशेबावर आता कायदेही झाले आहेत. केरळने २०१५ साली समुद्रातल्या काही माशांची किमान लांबी ठरवून दिली. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून, ५४ जातींसाठी अशी लांबी ठरवली. त्याहून लहान मासे पकडायचे नाहीत. त्याच वर्षी रुपेरी पापलेट हा आपला राज्यमासा जाहीर झाला. या नियमात पापलेटाला १३५ मिलिमीटर आणि बोंबलाला १८० मिलिमीटर अशी मर्यादा आहे. आता पापलेटाची शेपूट डोळ्यांसमोर आणा. खोल खाच आणि खालचे पाते वरच्यापेक्षा लांब. एकाने टोकापर्यंत मोजले आणि दुसऱ्याने खाचेपर्यंत, तर एकच पापलेट एकाच्या हातात कायदेशीर आणि दुसऱ्याच्या हातात बेकायदा! म्हणून कोणताही नियम वाचताना आकड्याबरोबर मापाची रीत वाचावी. आणि कधी शंका आलीच तर माशाच्या बाजूने निकाल द्यावा, म्हणजे त्याला सोडून द्यावे.

आता सोडण्याचा विषय निघाला म्हणून जिवंत मासा मोजण्याविषयी चार शब्द. लहान निघालेला मासा पाण्यात परत जायचा आहे. तो मोजता मोजता मेला, तर मापही फुकट आणि दयाही फुकट. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो आपल्याला नकोसा वाटतो, पण ते त्याचे चिलखत आहे. रोगाला तो आत येऊ देत नाही. कोरड्या हाताने धरले, कोरड्या फळीवर टाकले, की तो थर निघून येतो. उन्हात तापलेल्या कातळावर ठेवला तर विचारूच नका. म्हणून आधी हात भिजवावे, फळी भिजवावी, सावलीत ठेवावी आणि मगच मासा बाहेर काढावा. कल्ल्यात बोटे घालू नयेत. जबड्याला धरून उभा लोंबकळत ठेवू नये. पाण्यात त्याचे वजन पाणी तोलते, हवेत ते सगळे जबड्यावर आणि कण्यावर येते. एक हात पोटाखाली हवाच.

किती वेळ बाहेर ठेवावा? साधी युक्ती आहे. मासा पाण्याबाहेर काढताना आपण आपला श्वास रोखून धरावा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही वाटतो आहे, असे समजावे आणि तो पाण्यात सोडावा.

फळी बरोबर नसेल तर गळाच्या काठीवर, मुठीच्या वर, पाच-पाच सेंटिमीटरवर चाकूने खुणा करून ठेवाव्यात. मासा उथळ पाण्यातच काठीशेजारी धरला, की बाहेर न काढताही अंदाज मिळतो. तो अंदाज आहे, हेही वहीत लिहावे. आणि तलाव, धरण कोणाच्या ठेक्याचे आहे ते पाहून, परवानगी घेऊनच गळ टाकावा, हे वेगळे सांगायला नको.

रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथे वरदायिनी देवीचे ठाणे आहे आणि डोहातले महाशीर मासे देवीचे मानतात. त्यांना कोणी पकडत नाही. लोक चुरमुरे टाकतात, मासे वर येतात. या माशाचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची नोंद केली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावेच त्याने अनेक माशांना दिली, त्यातले हे एक. म्हणजे आपल्या नदीकाठच्या कोळ्यांनी ठेवलेले नाव आज जगभरच्या पुस्तकांत आहे. वाळणकोंडाला माशांना पट्टीची गरज नाही, त्यांना देवीचा आधार आहे. पण प्रत्येक डोहावर देवीचे ठाणे नसते. आमच्या फुगवट्यावर नाही. तिथे माशांना आधार आहे तो आपल्या वहीचा, आणि ती वही खरी असेल तरच.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याला एक सुचवू का? आपल्या शाळेजवळ नदी, तलाव, खाडी काहीतरी असेलच. नसेल तर आठवड्याचा बाजार असतो. मोजफळी घेऊन पाच-सहा मुले बाजारात न्यावीत, मासेवाल्या मावशींची परवानगी घ्यावी आणि एकाच जातीचे वीस मासे मोजावेत. दोन मुलांनी एकमेकांचा आकडा न पाहता तोच मासा मोजावा. आकडे जुळतात का पाहावे. जुळले नाहीत तर का जुळले नाहीत ते मुलांनीच शोधावे. दर महिन्याला, त्याच जातीचे, त्याच रीतीने. आणि वहीच्या पहिल्या पानावर ती एक ओळ. विज्ञान म्हणजे मोठी दुर्बीण आणि काचेच्या नळ्या असे मुलांना वाटते. आपण कसे मोजले ते दुसऱ्याला कळेल असे सांगणे, हेही विज्ञानच आहे; आणि ते दहा रुपयांच्या पट्टीवर शिकवता येते.

माझ्या गोष्टीचे काय झाले, ते सांगून संपवतो. बैठकीनंतरच्या रविवारी मी नवी वही आणि मोजफळी घेऊन पाण्यावर गेलो. पहिल्या पानावर लिहिले: “शिंगटा. खाचेपर्यंतची लांबी. तोंड मिटलेले, मासा आडवा, मोजफळीवर. पूर्ण झालेला सेंटिमीटर.” काकांना वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावली आणि विचारले, “आन जुन्या वहीचं काय?” मी म्हटले, ती आता उपयोगाची नाही. ते म्हणाले, “टाकू नगा. पोरांना दाखवा.”

काका आता नाहीत. ते ज्या माशांविषयी बोलत होते ते खरोखर कोपरापर्यंत येत होते का, हे मला आता कधीच सिद्ध करता येणार नाही. त्यांच्या साठ वर्षांच्या अनुभवाला माझी वही साक्ष देऊ शकली असती. ती देऊ शकली नाही, आणि चूक माशाची नव्हती, काकांची तर नव्हतीच. नवी वही चालू आहे. माझ्या नसण्याच्या दिवशी दोन शाळकरी मुले ती लिहितात. त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे, पण त्यांचा आकडा कुठून कुठपर्यंतचा आहे हे कोणालाही सांगता येते. जुनी वही मी वर्गात घेऊन जातो आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे मुलांना दाखवतो.

तेव्हा मंडळी, पुढच्या खेपेस कोणी आपल्याला सांगितले, की एवढा मोठा मासा मिळाला, तर त्याला खोटे पाडू नका. त्याला फक्त एवढेच विचारा, “कुठून कुठपर्यंत हो?”

नमस्कार.